कोर्टाच्या वर्गातला बापू

अनोळखी माणसाला आपलंसं करायला माझ्या धाकट्या भावाला, बापूला, एक कप चहा पुरायचा. तुम्ही नातवंडं लहानपणी नाशिकला माझ्याकडे यायचात तेव्हा तुमचा हा मामाआजोबा स्टेशनवर हमालाशी असा काही बोलायचा की हमालच तुम्हाला कडेवर घ्यायचा. मनमाडला त्याची रेल्वेतली नोकरी झाली. तिथे अजूनही लोक त्याची आठवण काढतात. हल्ली तुम्ही फोनवर त्याचं विचारता आणि मी विषय बदलते. आता मोठे झालात, म्हणून नीट लिहिते. बापू बायकोला मारायचा. तुमच्या मीनाआजीला.

साठी जवळ आली तेव्हा मीना लेकीचा हात धरून कोर्टात गेली. अशा पुरुषांसाठी एक वर्ग निघाला होता, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का ते तपासणं चाललं होतं. कोर्टाने पाठवलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना वर्ग, बाकीच्यांना नेहमीसारखी समज आणि समुपदेशन. पुढे दोन्ही गटांतल्यांच्या बायकांना विचारायचं, मारणं थांबलं का. बापूला वर्गाची चिठ्ठी आली.

"आक्का, नंबर लागला माझा! या वयात पुन्हा शाळा!" माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून तो म्हणाला. मी मान वर न करता आमटी ढवळत राहिले.

वर्गातही तो सगळ्यांचा लाडका झाला. कोणाची आई आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, सगळं त्याला ठाऊक. निफाडच्या एका तरण्या पोराला त्याने सुनावलं, "बायको म्हणजे काय पायपुसणं आहे का रे, सोन्या?" हे मला सांगताना त्याचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. बोलताना बापूला स्वतःचं सगळं खरंच वाटायचं.

मग बायकांना विचारणारी मुलगी त्यांच्या घरी गेली. बापूने स्वतः साबुदाण्याची खिचडी केली होती. "बस गं बेटा. मीना, सांग की तिला सगळं!"

"काका, मला काकूंशी एकटीशी बोलायचंय."

"अगं, एकटीच आहे ती. मी म्हणजे भिंत समज, भिंत!"

मुलीने खिचडी खाल्ली, छान झालीय म्हणाली आणि काही न विचारता निघून गेली. पुढच्या वेळी ती मीनाला माझ्याकडे भेटली. दोघींना मागची खोली दिली आणि मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले.

मुलगी गेल्यावर मीना माझ्याजवळ येऊन बसली. मी काही विचारलं नव्हतं.

"वन्सं, हात नाही उचलत आता. वर्गात शिकवलंय ना, राग आला की दहापर्यंत मोजायचं. माझ्यासमोर उभे राहून मोजतात. मोठ्यानं, माझ्या डोळ्यांत बघत."

"आणि दहा झाल्यावर?"

"दहा होऊच देत नाही मी. त्याच्या आधीच चुकलं म्हणते. काय चुकलं ते मग शोधते."

बापू तिला न्यायला आला तेव्हा मी दारातच सांगितलं, ती आता इथेच राहील.

"आक्का, तूसुद्धा?" तो हसला. मग माझ्याकडे रोखून बघत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एक."

मी ज्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरवलं, तो हा. "दोन," तो म्हणाला. "तीन." चारला माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं रे बापू." त्याचा चेहरा लगेच फुलला. मी दार लावून घेतलं आणि कडीवरचा हात कितीतरी वेळ काढला नाही.

वर्गाचा उपयोग होतो का, असं मी नंतर त्या मुलीला विचारलं. "एका काकांवरून कसं सांगू, आजी? सगळ्या बायकांना विचारून होऊ दे." बरोबर आहे तिचं. काहीजण सुधारलेही असतील. आपला नाही सुधारला.

मीना आता माझ्याकडेच असते. दुपारी मागच्या खोलीत दार सताड उघडं टाकून झोपते. बापू रविवारी मला फोन करतो. "आक्का, जेवलीस का?" हे पहिलं. मग शेजारच्यांच्या नकला, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण. ऐकता ऐकता मला हसू फुटतं. तोंडावर पदर धरून मी मागे वळून बघते, मीनाने ऐकलं का.