बरोबर की चूक

"हिलाच इचारा की सर. घरची माहिती हाय तिला."

सगळं ऑफिस हसलं. सरसुद्धा.

नागापूरच्या एमआयडीसीत होतं ते ऑफिस. कॉम्प्युटर इंटरनेटवरचं वाचतो आणि त्यातून माहितीचा एकेक तुकडा काढतो. तो बरोबर की चूक, हे आम्ही बटण दाबून सांगायचं. आम्ही सांगू तसा तो शिकतो.

त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर आलं, 'पारधी. व्यवसाय: चोरी.'

मी पारधी. मी 'चूक' दाबलं.

सर खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "नेटवर सगळीकडं हेच लिहिलंय. बातम्या दिसत नाहीत तुला? बरोबर दाब." तेव्हाच शेजारच्या टेबलावरचा मुलगा ते घरच्या माहितीचं बोलला.

पाथर्डीकडं आमची वस्ती. गावात कुणाचा बोकड हरवला की पोलिसांची जीप आधी आमच्या दारात. मी शाळेत होते तेव्हा बापाला जेवत्या ताटावरून उचलून नेलं. बोकड मालकाच्याच मेव्हण्याकडं सापडला. बाप लंगडत घरी आला. पेपरात मात्र आधीच नावासकट छापून आलेलं, 'पारध्याला अटक.' सुटल्याचं कुणी छापलं नाही. मग कॉम्प्युटर वाचणार काय?

सरांनी माउस ओढला. 'बरोबर' दाबलं. मी माउस हिसकावून परत 'चूक' दाबलं.

"पकडलं म्हणजे चोरी केली असं नसतं, सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. पण हे माझ्या हातानं होणार नाही."

एसटीत बसले. मी निघाल्यावर त्यांनी 'बरोबर' दाबलंच असणार. मग मी काय केलं? काहीच नाही. नुसती उठून आले.

घरी बापाला म्हटलं, "दादा, तुम्हाला उचलून नेलं, मग सोडलं, ते सगळं नेटवर लिहिते. कॉम्प्युटरला तेही वाचू दे."

आई घाबरली. "नाव नको घालू गं. परत येतील पोलीस."

बाप म्हणाला, "नाव घालून लिव्ह. पेपरानं कुठं झाकलं हुतं?"

लिहिलं. मोबाईलवरच. मग शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनी सांगितलेलं लिहिलं. खाली लोक शिव्या घालतात. तक्रारी करून काढायला लावतात. एकानं तर घरी येऊन दम दिला.

मी परत टाकते. मला झोप लागत नाही, लागूही नये. आमच्या माणसांना चोर लिहिणाऱ्या कुणालाही आता सुखानं बसू देणार नाही.