खेमसिंगभाऊ गाडी घेतात

यवतमाळ डेपोतून खेमसिंग राठोड ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, त्या दिवशी शाल-नारळ झाला, पेढे वाटले गेले आणि साहेबांनी भाषणात 'एकही अपघात नाही' हे वाक्य फिरूनफिरून म्हटलं. खेमसिंग लाजून खाली मान घालून बसले होते. सगळं गोडीगुलाबीनं पार पडत होतं. तेवढ्यात संघर्ष नावाच्या एका तरण्या ड्रायव्हरनं तोंड घातलं.

"खेमसिंगभाऊ, एक खरं सांगा. स्पीड लॉक गाडीले होतं का तुमाले?"

सगळे हसले. खेमसिंगही हसले. एसटीला वेगाचं लॉक असतं. पाय कितीही दाबा, काटा ठरल्या जागी, साठ-पासष्टला, अडून राहतो. त्या अडलेल्या काट्यामागं त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. घरी येऊन जेवायला बसले, तरी मन त्या लॉकपाशीच अडलं. लॉक नसतं तर आपण पळवली असती का? की आपण सावध नव्हतोच, नुसते भित्रे होतो आणि लॉकच्या आड लपून बसलो? असले प्रश्न माणसाला साठीच्या तोंडावर पडू नयेत. पण पडले खरे, आणि जाता जाईनात.

त्यावर त्यांनी काढलेला इलाज ऐकून कोकिळा, म्हणजे त्यांची बायको, पोळपाट-लाटणं सोडून उठली. एक जुनी छोटी गाडी घ्यायची, तिला हलकी, चपळ, दमदार करून घ्यायची आणि पांढरकवड्याच्या पुढं, सोयाबीन निघालेल्या रानात पोरं गाड्या पळवायची स्पर्धा घेतात, तिच्यात उतरायचं. नवराबायको घरात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत. पण मुद्दा शेजाऱ्यांपर्यंत पोचवायचा असला की कोकिळा वऱ्हाडीवर येई.

"लोकं रिटायर झाले का तीर्थाले जातात," ती म्हणाली, "तुमी काहून खड्ड्यात चालले?"

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तिनं परवानगी दिली, तीही अटीवर: दोन दुभत्या म्हशींना जेवढे पडतात, त्याच्या वर एक पैसा नाही.

गाडी निवडायला बरोबर आला अरसलान. डेपोच्या वर्कशॉपमधल्या रहेमान मिस्त्रीचा हा मुलगा. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि त्याहून मोठी त्याची जीभ होती. गाडी दिसायच्या आधीच तो तिचा भाव, गुण आणि मालकाचा स्वभाव सांगून टाकी, आणि त्यातलं निम्मं चुके.

पहिली गाडी यवतमाळातच होती. लालभडक. मागं हा एवढा पंख, खाली निळे दिवे, काचेवर वाघाचं तोंड. मालक राजदीप नावाचा कॉलेजकुमार, त्यानं चावी फिरवली तर तारेवरची कबुतरं उडाली.

"चाचा, तयार माल!" अरसलान पाघळला.

खेमसिंगांनी गाडीकडं पाहिलंच नाही. ती रोज उभी राहते ती जागा दाखव म्हणाले. जागेवर तेलाचं थारोळं होतं.

"हिले दिवे नको होते," ते म्हणाले, "औषध पायजे होतं."

दुसरी दारव्ह्याची. कापसाच्या एका व्यापाऱ्याची डिझेल गाडी. ओढ जबरदस्त, आणि हिच्यातून अजून ताकद काढून देतो म्हणून अरसलान छाती ठोकून सांगत होता. खेमसिंगांनी बाजाराबाहेर एक चक्कर मारली. नाकाकडं जड, वळणावर नेली की बाहेर पळू पाहायची. ते उतरले आणि चावी परत दिली.

"काय झालं?" अरसलान म्हणाला.

"काही नाही रे. पण ही डुईवर पोतं घेऊन नाचणार. आन् डिझेल म्हणशील, तं जिंदगीभर डिझेलच हाणलं म्या. पुरे झालं."

तिसरी गाडी कळंबला मिळाली. इंदूबाई नावाच्या निवृत्त हेडमास्तरीण बाईंची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, लहानखुरी. अंगानं हलकी, जागेवर तेलाचा थेंब नाही, आणि तिचं सामान कोणत्याही गल्लीत मिळेल असं. बाई तिच्यातून चिंतामणीच्या देवळात आणि भाजीला जात. अरसलाननं चालवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "चाचा, गाडी झोपलेली हाय ही!"

बाईंनी मात्र गाडी विकायच्या आधी खेमसिंगांचीच परीक्षा घेतली. कुठं राहता, मुलं काय करतात, आणि शेवटी, "हळू चालवाल ना?"

आता इथं एक 'हो' म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. अरसलान मागून कोपराने ढोसत होता. पण खेमसिंगांच्या तोंडून ते निघेना.

"नाही बाई. पळवायलेच घेऊन राह्यलो."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या. मी तर चौथ्या गिअरच्या वर कधी गेलेच नाही. पाचवा अगदी नवाच आहे."

बाहेर आल्यावर अरसलान कुरकुरला, की घेऊन-घेऊन सुस्त गाडी घेतली. "आमी दोघंबी एकाच जातीचे," खेमसिंग म्हणाले आणि खूश होऊन बॉनेटवर थाप मारली.

मग महिनाभर गॅरेज. मागची सीट निघाली, गालिचे निघाले, इंजिनात साचलेली काजळी निघाली. स्प्रिंगा कडक झाल्या, टायर चांगले आले. सगळ्यात आधी ब्रेक नवे करायचे यावर खेमसिंग अडून बसले, तेव्हा अरसलान म्हणाला, "दुनिया इंजिनपासून सुरू करते, चाचा." मोठ्या आवाजाचा सायलेन्सर त्यांनी साफ नाकारला. गल्लीत राहायचं होतं त्यांना. पण एका सकाळी पायाखाली जरा दाबलं आणि गाडीनं अशी उडी घेतली की खेमसिंगांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. भीतीनं की आनंदानं, ते त्यांनाच कळलं नाही.

स्पर्धा पांढरकवड्याच्या पुढं, महामार्गालगतच्या रानात होती. एकेक गाडी सोडायची, टायर मांडून केलेल्या वळणांतून काढायची, घड्याळ लावून वेळ मोजायची. खेमसिंगांचा नंबर आला. वळणांवर ते सुरेख निघाले; पोरं शिट्ट्या मारायला लागली. पलीकडच्या टोकाला पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट होती, आणि पांदणीतून गाठोडं घेऊन एक म्हातारी येत होती. तिनं पांढरी गाडी पाहिली आणि हात दाखवला.

खेमसिंगांचा पाय ब्रेकवर गेला. त्यांना विचारूनबिचारून नाही, आपला गेला. गाडी थांबली ती अशी, की दार बरोबर म्हातारीच्या समोर.

"बापू, आदिलाबादची गाडी गेली काय रे?"

रानापलीकडं फाट्यावरून लाल एसटी निघून जाताना त्यांना दिसलीच होती. "आत्ताच गेली, मावशी."

म्हातारी तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसली. "लेक बाळंत झाली तिकडं. तिच्यापाशी कोणी नाही वं माय." पुढची गाडी आता उद्याच, हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"बसा," खेमसिंग म्हणाले. शेजारची सीट अरसलान काढायची काढायची म्हणत होता, ती नशिबानं राहिली होती. त्यांनी तिला बसवलं, पट्टा लावून दिला, आणि गाडी मैदानाकडं न वळवता सरळ पांदणीनं महामार्गाला घातली. मागं अरसलान डोक्याला हात लावून नाचत होता.

महामार्गावर पाटी होती, छोट्या गाड्यांना शंभर. काटा चढला आणि साठ-पासष्टला येऊन थांबला. खेमसिंगांनी खाली पाहिलं. पाय तिथंच अडला होता. इथं कोणी लॉक बसवलं नव्हतं. म्हणजे संघर्ष खरं बोलला होता. त्यांना फार वाईट वाटलं.

"बापू," म्हातारी म्हणाली, "ही एवढीच पयते काय?"

खेमसिंगांना हसू फुटलं. हसता हसता पाय खाली गेला. सत्तर झाले, ऐंशी झाले. गाडी सरळ, ताठ चालली होती. नव्वद. पाटीवर होते तेवढे शंभर झाले आणि त्यांनी काटा तिथं धरून ठेवला, कोणी अडवला म्हणून नाही, त्यांना धरायचा होता म्हणून. पुढं लाल पाठ दिसली. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, आणि खेमसिंग राठोडांनी आयुष्यात पहिल्यांदा एसटीला मागं टाकलं. ते मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते म्हातारीलाही कळलं नाही.

पाटणबोरीला गाडी बाजूला लावून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हात दाखवला. एसटी थांबली. म्हातारी चढली, कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून वाद घालायला लागली, आणि गाडी निघून गेली.

त्यांनी कोकिळेला फोन लावला.

"कितवा नंबर आला?"

"नंबर नाही आला. मधातच निघालो. पण एसटीले मांगं टाकलं, कोकिळा. एका मावशीले गाडी पकडून द्याची होती."

 पलीकडून ती वऱ्हाडीत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "एसटीले? तुमी? मंग भागली ना हौस? आता इकून टाका गाडी."

"नाही वं. पुढच्या साली पुन्हा आहे. आता मले नंबर पायजे."

"आन् तवा कोणी हात दाखवला तं?"

खेमसिंगांनी खरोखर विचार केला. समोरचा रस्ता मोकळा होता.

"थांबन," ते म्हणाले.

"मंग येत नाही तुमचा नंबर," कोकिळा म्हणाली, आणि हसत राहिली.