आक्काच्या रेडिओचे नऊ व्होल्ट

झटकेकाकांनी दुरुस्त केलेली वस्तू चालते, पण तिला हात लावायला सहसा कोणी धजत नाही. म्हणून तर हे नाव. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत टेबल मांडलं. त्यावर मीटर, सोल्डरिंगची कांडी आणि कायम गार झालेला चहा. कान म्हणाल तर ठणठणीत आहेत, असं काकांचं ठाम मत. लोकच हल्ली पुटपुटतात, त्याला ते काय करणार!

पुढच्या खोलीत त्यांची थोरली बहीण, आक्का. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिला खिडकी, खुर्ची आणि जुना रेडिओ, एवढीच सोबत. वीज गेली की रेडिओ मुका व्हायचा. दुकानातून सेल आणले असते तर काम भागलं असतं, पण मग काका कशाला?

"दिव्याची सहा व्होल्टची बॅटरी पडून आहे. तिचे नऊ करून देतो!"

"सहाचे नऊ? दुकानदाराला शिकव जा," आक्का ओरडली. काकांशी बोलायचं तर ओरडावंच लागतं.

काकांनी कॉइल गुंडाळली. टायमरची चिप ट्रान्झिस्टरची भराभर उघडझाप करणार, दर वेळी कॉइल एक उसळी देणार, त्या उसळ्या कपॅसिटर साठवणार. झाले नऊ! सगळं एका डबीत बसवलं. रेडिओ लावून मीटर पाहिला, काटा नऊवर. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काकांना आवाज बेताचाच वाटला.

चारेक दिवसांनी दुपारी पुढच्या खोलीत फट्ट झालं. काकांना आवाज नाही, पण जळका वास आला. आक्का रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती.

"गेला का रे?"

काकांनी रेडिओ उघडला. आतले ट्रान्झिस्टर आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. सुदैवाने एक कपॅसिटरच फुटला होता. पुन्हा असं झालं, तर मात्र आक्काकडे नुसती खिडकी उरणार होती.

कपॅसिटर बदलून काका डबीला नाही नाही ते बोलले. मीटर पुन्हा पुन्हा नऊच दाखवत होता.

"अरे, एवढा मोठा लावतं कोण?" म्हणत आक्काने आवाजाचं बटण खाली फिरवलं. काटा निघाला की वर! दहा, बारा, चौदा. काकांनी घाईने वायर उपटली. तर असं होतं: रेडिओ ओरडत असला की भरपूर खातो, कुजबुजला की जेमतेम, आणि डबी आपली वाढतच राहते. ऐकणारं कोणी नसलं की काकाही असेच चढत जातात, असं आक्काचं म्हणणं.

इलाज छोटा होता. एक झेनर डायोड, एक बारका ट्रान्झिस्टर. व्होल्ट नऊच्या वर गेले की टायमरचं तोंड दाबायचं, खाली आले की सोडायचं.

"असलं काही तुझ्या तोंडालाही बसव!"

आता परीक्षा. आक्काने रेडिओ जवळ ओढला, बटण फिरवलं. काटा नऊवरून हलला नाही. काकांनी रेडिओला कान लावला आणि जाणत्यासारखी मान डोलावली. "वा! काय स्वच्छ वाजतोय!"

"बंद केलाय मी तो."

काका स्टुलावर बसले. कितीतरी वेळ मीटरच पुसत राहिले.

"मला ऐकू येत नाही गं."

"ठाऊक आहे मला."

"मग इतका हळू कशाला लावतेस? माझी झोप थोडीच मोडणार आहे?"

"मोठा लावला तर आतला तुझा खोकला कसा ऐकू येणार? मागे स्टुलावरून पडलास, तेव्हा हाका मारून माणसं कोणी गोळा केली?"

 मग काकांनी स्वतः रेडिओ लावला आणि आवाज कमी करत गेले. त्यांच्यापुरता तो केव्हाच थांबला, तरी आक्का बोटाने आणखी खाली, आणखी खाली म्हणून खुणावत होती. "बस, इथे." काटा नऊवर होता.

काका आत गेले. टेबलापाशी बसून मुद्दाम खोकले.

"आला ऐकू," आक्का म्हणाली.

ते काही काकांना ऐकू आलं नाही.