इंजिनाची जीभ

"दाखव जीभ," असं इंजिनाला म्हणून मिस्तरी प्लग काढायचे, उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून त्याच्या टोकाकडे बघत राहायचे. मग माझ्याकडे वळून विचारायचे, "सांगा बरं देवा, रंग कोणता?"

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तिथे मी काउंटरवर होतो. शेजारी पत्र्याखाली मिस्तरींचं गॅरेज. मूळचे राणीसावरगावचे. शेतातलं इंजिन सारखं बिघडायचं म्हणून दुरुस्ती शिकले आणि मग इंजिनाच्याच मागे गाव सोडून आले. बोलताना समोरच्याला 'देवा' म्हणायची आमच्याकडची पद्धत आहे, पण मिस्तरी ते अशा सुरात म्हणायचे की आपल्याला खरंच काहीतरी येतंय असं वाटावं.

प्लग इंजिनात ठिणगी पाडतो आणि स्वतः त्या आगीत भाजत राहतो. त्यामुळे आत काय चाललंय ते त्याच्या टोकावर उमटतं. काळं म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. बिस्किटासारखं म्हणजे तब्येत उत्तम. पांढरं फटक म्हणजे इंजिन आतून तापतंय, वेळीच थांबा. हे तीन रंग मला त्यांनीच शिकवले. त्यांचा नियम एकच, "अंदाज खोटा, जीभ खरी."

मी बी.कॉम. झालेला आणि चौथी पास माणूस रोज चारचौघांत माझी परीक्षा घेणार! कधीकधी रागच यायचा. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "जांभळा." ते हसले नाहीत. "नीट सांगा देवा," असं इतक्या काकुळतीने म्हणाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी "काळा" म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. कुठला रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसे. अशाच एका बंदच्या आदल्या दिवशी दुपारी गॅरेजपुढे एक परदेशी मोटार धापा टाकत येऊन उभी राहिली. मालक हैदराबादचे, अरबस्तानात नोकरी करून आलेले. गाडीही तिकडूनच बोटीने आणलेली. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई. तिला येलदरीला लेकीकडे पोचवायचं होतं आणि ते त्याच दिवशी, कारण उद्या रस्ता मिळेलच असं नव्हतं. पिंगळीच्या अलीकडे इंजिन आतून ठोकायला लागलं होतं.

मिस्तरींनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीला गोगलगाईसारखं काहीतरी चिकटलेलं. "हे काय?"

"टर्बो है जी," मालक म्हणाले. "हवा अंदर ठूंसता."

"म्हंजे फुंकणी!" मिस्तरी खूश झाले. जमलेल्या तीन-चार जीपवाल्यांना समजावू लागले, "फुंकणीनं फुंकलं की चूल कशी लालबुंद होती? तसं हाय हे. हिला थंडा प्लग पाहिजे, आखूड नाकाचा. उष्णता झटक्यात भाईर फेकणारा. आन् ठिनगी पडती ती फट बी कमी पाहिजे. फट लय असली तर फुंकरीनं दिवा इझतो."

आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या यंत्राचं मर्म त्यांनी चुलीपाशी बसून सांगावं तसं सांगितलं. मी तर थक्कच झालो. मग त्यांनी एक प्लग काढला, उजेडाला धरला, डोळा मिटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण बिस्कुट हाय की! मंग ह्योच प्लग बराबर हाय. अंदाज खोटा, जीभ खरी. दुसरंच कायतरी बिघडलंय."

त्या दिवशी सांगण्याच्या भरात त्यांनी मला रंग विचारला नाही.

आणि मला काउंटरवरून दिसत होतं, प्लग पांढरा होता. चुन्यासारखा पांढरा. त्याच प्लगवर गाडी गेली असती तर जिंतूरच्या आधीच पिस्टनला भोक पडलं असतं आणि ती म्हातारी माळावर उन्हात बसली असती. पण ओरडून सांगितलं असतं तर इथे, या जीपवाल्यांसमोर, मिस्तरींचं काय राहिलं असतं? त्यांच्या नजरेवरच तर सगळं गॅरेज उभं होतं.

मी खाली उतरलो. "मिस्तरी, आज माझी परीक्षा राहिली की!" म्हणत प्लग हातात घेतला. "हा पांढरा."

मिस्तरींनी प्लग परत घेतला. या वेळी बघितला नाही, नुसतं नख फिरवलं. टोकाच्या चिनी मातीवर बारीक दाणे उठले होते. फार तापल्याची खूण. नख तिथे अडकलं. मग ते मोठ्याने हसले, "पास! मी मुद्दाम बिस्कुट म्हनलो. बघायलो होतो, देवाचं ध्यान हाय का न्हाई." जीपवालेही हसले.

एका फटफटीवाल्यासाठी मागवलेले आणि त्याने न नेलेले चार थंडे प्लग माझ्याकडे पडून होते. मिस्तरींनी आटे जुळवले, लांबी जुळवली, बोटाच्या टोकाने नाक चाचपलं, फट कमी केली. गाडी येलदरीला सुखरूप पोचली. चार दिवसांनी परतताना मालकांनी दुकानापुढे हॉर्न वाजवला, म्हातारीने खिडकीतून हात जोडले.

प्लग बदलले त्याच संध्याकाळी मिस्तरी काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. "दोन वर्सं झाली देवा. मोतीबिंदू हाय. पांढरं पिवळंच दिसायलंय. तुमाला रंग इचारायलो तो काय परीक्षा म्हनून न्हाई."

मी म्हणालो, "ऑपरेशन करून घ्या. जुना प्लग काढल्याशिवाय नवा बसतो का?"

"डोळा प्लग न्हाई देवा, तुमच्या दुकानात दुसरा मिळत न्हाई." त्यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. "कुनाला सांगू नका. आंधळ्या मिस्तऱ्याकडं गाडी कोन देईल?"

मी सांगितलं नाही. चार वर्षं मी त्यांना रंग सांगत राहिलो, आणि पुन्हा कधी जांभळा म्हणालो नाही. अखेर एका शिबिरात मीच हात धरून त्यांना घेऊन गेलो. पट्टी सुटल्यावर जाड काचांचा चष्मा लावून आले, दुकानभर बघितलं आणि म्हणाले, "देवा, तुमचं सदरं पांढरं हाय व्हय? मी आपलं मळकंच समजायलो होतो!" माझ्या बायकोच्या धुण्याची एवढी बेअब्रू कुणी केली नव्हती. मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेला त्या परदेशी मोटारीचा प्लग काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितला. "पांढराच की हो," एवढंच म्हणाले.

आता सगळं स्पष्ट दिसत असूनही ते शेवटपर्यंत मला विचारत राहिले, "सांगा बरं देवा, रंग कोणता?" मी सांगायचो, ते "पास" म्हणायचे. एका उन्हाळ्यात गावी गेले आणि तिकडेच गेले. मला आठ दिवसांनी कळलं. गॅरेजच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.

तो प्लग अजून माझ्याकडे आहे. परवा कपाट आवरताना सापडला, म्हणून खिडकीत नेऊन उजेडाला धरला, एक डोळा मिटला. प्लग बिस्किटी दिसला. छान, निरोगी बिस्किटी.

मग सूनबाईला हाक मारली आणि म्हणालो, "सांग बरं, रंग कोणता?"

"पांढरा, बाबा. का हो?"

"पास," मी म्हणालो.