मावशींचा पदर आणि पिवळा उजेड

दारुहळदीचा कडवट वास आला की शिरूरच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. त्या मुळीतलं पिवळं द्रव्य आरएनएला चिकटलं की अतिनील दिव्याखाली जास्त चमकतं, हे मला दाखवायचं होतं. पण महिनाभर आरएनए दरवेळी तुटून जायचा आणि द्रावण मंदच राहायचं. आरएनएची शेवटची नळी उरली, तेव्हा हीही वाया गेली तर विषय सोडते, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगून टाकलं होतं. उन्हाळ्याच्या त्या दुपारी काचसामान धुणाऱ्या, दौंडकडच्या मावशी जवळ आल्या. "ताई, राग मानू नका, पर तुम्ही मोजं घातलेल्या हातानं कपाळ पुसता आन् तसाच हात नळीला लावता. रोज बघते मी." घामातल्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, आरएनए तुटतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! मी लगेच हातमोजे बदलले. काम होईपर्यंत मावशी शेजारी उभ्या राहून पदरानं माझं कपाळ टिपत होत्या. दिवा लावला, तर नळीतलं पिवळं झळाळून उठलं. "चिकटलं का वो?" त्यांनी विचारलं. "चिकटलं, मावशी," म्हणताना मला रडू आलं. प्रबंधाच्या आभारात त्यांचं नाव मी सरांच्याही आधी लिहिलं, आणि आजही मला तोच क्रम बरोबर वाटतो.