तत्रैव म्हणजे वरचंच

महाविद्यालयात त्याला सगळे तळटीप सर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट आपल्या कामाचा दरारा आहे, अशीच त्याची ठाम समजूत होती, आणि ती मोडून काढण्याइतका वेळ कुणीच त्याच्यावर घालवला नाही.

इतिहास विभागाचं एक त्रैमासिक निघे. लेख कुणाचाही असो, त्याच्या तळटीपा आणि शेवटची संदर्भसूची नियमाप्रमाणे लावून देणं हे काम कित्येक वर्षं याच्याकडे होतं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत. मग प्रकाशक, वर्ष, पान. लोखंडी कपाटामागच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून तो बसे आणि दुसऱ्यांच्या टीपा चाळताना नाकानं फुस्स करी. "यांना डॉक्टरेट दिली कुणी?" हे त्याचं पालुपद. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम सापडला, की स्वारी दिवसभर खुशीत.

गंमत म्हणजे लेख तो वाचतच नसे. पानावर एक आडवी रेघ असते; वर लेख, खाली टीपा. हा सदैव रेघेखाली. "वर काय, नुसती बडबड," तो म्हणे. "अक्कल दिसते ती खाली."

स्वतःची अक्कल त्यानं जन्मात एकदाच पाजळली होती. लेखाचं नाव 'घड्याळाचे मनोरे : एक चिकित्सक अभ्यास'. जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं तो आठवडाभरात पाडला. समोर बायको भाजी निवडत होती. टीपांमधली जाडजूड ग्रंथांची रांग बघून तिनं विचारलं, "अहो, ही एवढी पुस्तकं आहेत कुठं? घरात तर एकही दिसत नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं!" म्हणून त्यानं तिला गप्प केलं. पुस्तकं त्यानं पाहिलीच नव्हती. दुसऱ्यांच्या टीपांतून ती उचलली होती, आणि स्वल्पविराम तेवढे स्वतःच्या हातानं लावले होते.

लेख छापून आला आणि जगानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकाही माणसानं एकाही टीपेत त्याचं नाव घेतलं नाही. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि एकाच इच्छेनं त्याला पछाडलं होतं: दुसऱ्या कुणाच्या लेखाखाली आपलं नाव एकदा तरी छापून आलेलं बघायचं. त्यात साडू. साडूचं फर्निचरचं दुकान, त्याचा आणि संशोधनाचा काडीचा संबंध नाही. पण जेवायला बसलं की तो मनापासून विचारी, "काय, यंदा तरी कुणी तुमचं नाव घेतलं का?" अडाणी मेला, असं मनात म्हणत हा आमटीत भात कालवत राही.

अशात विभागप्रमुख बाईंचा लेख त्याच्या टेबलावर आला. विषय होता सार्वजनिक घड्याळं आणि कामगारांचे तास. बाईंनी एका निवृत्त इंजिनिअरच्या पुस्तिकेचा लागोपाठ दोन टीपांत उल्लेख केला होता, आणि दोन्ही वेळा सगळं नाव-गाव लिहिलं होतं. हा नाकानं फुस्स करून म्हणाला, "प्रमुख झाल्या, पण तत्रैव ठाऊक नाही." तत्रैव म्हणजे तिथंच. लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक पुन्हा आलं, की नाव न लिहिता एवढा एकच शब्द लिहायचा. त्यानं दुसऱ्या टीपेतलं नाव उडवलं आणि तत्रैव करून टाकलं. मागे एका नव्या प्राध्यापिकेनं मधेच एक टीप घुसवली होती आणि तिचं तत्रैव भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटलं होतं. तेव्हा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलून बोलून त्यानं त्या पोरीला रडवलं होतं.

काम संपलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. लेख घड्याळांवर. बाई टीपा पुन्हा बघणार नाहीत. 'मनोऱ्यांवर अन्यत्रही लिहिले गेले आहे', असं एक बिनटीपेचं वाक्य त्याला त्या दोन टीपांच्या मधोमध सापडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो रेघेच्या वर गेला तो चोरी करायला, आणि वाक्याला आकडा चिकटवून लगेच खाली आला. आपलं आडनाव, स्वल्पविराम, आपलं नाव. पुढचे आकडे आपोआप सरकले. तो नावाकडे बघतच बसला.

"सर, झालं का?" दारातून बाईंनी विचारलं. "छापखान्याचा सारखा फोन येतोय."

"झालं, झालं. अगदी डोळे झाकून पाठवा."

बाईंनी डोळे झाकून पाठवलं.

अंक हातात पडला त्याच रविवारी तो बायकोला घेऊन साडूकडे गेला. बायको आणि मेहुणी आतल्या खोलीत गेल्या. यानं पान उघडून साडूपुढे धरलं आणि नावावर बोट ठेवलं. साडूला मनापासून आनंद झाला. "वा! आलं की नाव! बघू तरी काय म्हटलंय." त्यानं चष्मा चढवला आणि चारचौघांसारखा वरचा मजकूर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'मूळ साधने न पाहता, इतरांच्या टीपा उचलून केलेली ही निव्वळ हातचलाखी आहे. अभ्यासकांनी या लेखनाच्या वाटेला जाऊ नये.' बाप रे! चांगलीच सालटी काढलीत कुणाची तरी!"

"काढायलाच हवीत," हा खुशीत येऊन म्हणाला. "असले भामटे फार झालेत आमच्यात."

"पण कोण हा?"

"आकडा बघा आणि खाली या. खाली असतंय नाव."

साडूनं बोट खाली आणलं. "नाव नाहीये इथं. 'तत्रैव' लिहिलंय. म्हणजे काय?"

याला स्फुरण चढलं. "तत्रैव म्हणजे वरचंच! लगेच वरच्या टीपेत ज्याचं नाव असेल, तोच गृहस्थ."

साडूचं बोट एक ओळ वर सरकलं आणि थांबलं. त्यानं चष्मा काढला. "म्हणजे... तुम्हीच की हो."

यानं अंक ओढून घेतला आणि रेघेच्या वरचं सगळं पान पहिल्यांदा नीट वाचलं. बाईंनी झोडपलं होतं ते त्या इंजिनिअरच्या पुस्तिकेला. आतल्या खोलीतल्या दोघी केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याला कळलं नाही. चुकीची दुरुस्ती छापायची, तर मधली टीप कुणी घातली ते बाईंना सांगावं लागणार होतं. आणि न छापावी तर हे असंच राहणार होतं, प्रत्येक ग्रंथालयात.

घरी जाताना तो फुटपाथवरून तरातरा पुढे चालत होता. कोपऱ्यावर त्याला गाठून बायकोनं साध्या आवाजात विचारलं, "पण अहो, ती पुस्तकं घरात नव्हती, हे बाईंना सांगितलं कुणी?"