संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

उभ्या कोल्हापुरात पंचगंगेला दम देऊन राहणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. हे आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. यांचं माडीचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात पाणी कुठवर आलं हे सगळं शहर एकमेकांना विचारत असतं, तेव्हा हे उंबऱ्यात खुर्ची टाकून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. "यिऊ दे की," म्हणतात. "त्याला वाट म्हाईत हाय, मला बी म्हाईत हाय." जन्मभर एसटी चालवली, तीही बरीचशी गगनबावड्याच्या बाजूला, जिथं पावसाळ्यात वायपर असून नसून सारखाच. त्यामुळं पाण्याला भिणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. मुलानं वरच्या भागात फ्लॅट घेतला, आईवडिलांसाठी एक खोली रंगवून ठेवली, तर हे खोली बघून आले आणि म्हणाले, "रंग झ्याक हाय." तेवढंच. परत विषय नाही.

माणूस निवृत्त झाला, पण गाडीतून खाली उतरलाच नाही. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी घराला एक चक्कर. गॅसचं बटण, टाकीचा कॉक, जिन्यातला दिवा, सगळ्याला हात लावून बघायचं. स्कूटरच्या दोन्ही चाकांना एकेक लाथ. इंजिनाच्या शेजारी बसून बसून कान अधू झाले म्हणून त्यांनी स्वयंपाकघरापासून माडीपर्यंत एक दोरी ओढून वर घंटी टांगली आहे. जुन्या एसटीत असायची तशीच. ती दोरी ओढायचा अधिकार फक्त त्यांच्या बायकोचा. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. एकदा टण म्हणजे थांबा, दोनदा टण टण म्हणजे चला. एका लग्नाला आम्ही चौघं मिळून निघालो होतो. हे स्कूटर सुरू करून दारात तयार, अक्का आत कडीकुलूप बघतेय, मुहूर्त टळायला आलेला. मी म्हटलं, "दाजी, चला की आता." तर शांतपणे म्हणाले, "डबल बेल कुठं झालीया?" आत टण टण वाजलं, मगच गिअर पडला.

अशा माणसाच्या घरात मागच्या मोठ्या महापुरात जे घडलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. खालचा मजला पाण्यात गेला, दोघं माडीवर अडकली. बोट खिडकीपाशी आली, पण खिडकीला चोरांच्या भीतीनं बसवलेली पक्की जाळी. कडी नाही, बिजागरी नाही, चारी बाजूंनी गजांना वेल्डिंग मारलेलं. बोटीतली पोरं कटर आणायला दुसरीकडे गेली. एक जण मात्र खिडकीच्या चौकटीवर तसाच बसून राहिला, आणि जाळी कापून होईपर्यंत अक्कानं गजांतून हात बाहेर काढून त्याचा हात धरून ठेवला होता. सुटल्यावर ती सरळ मुलाच्या फ्लॅटवर गेली. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, हे न्यायला गेले, तेव्हा तिनं एकच अट घातली. "माज्या हातानं उघडंल आसली खिडकी बशिवा, मग मी येतो. न्हायतर तुमी आनि तुमची नदी सुखात ऱ्हावा." अक्काची बोटं संधिवातानं वाकलेली. साधी बरणी उघडायची तरी तिला कुणाला तरी हाक मारावी लागते.

साडूंनी वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाले, "पावणं, एवढी सर्व्हिस झाली, पर माज्या गाडीत पॅसेंजर कोंडून पडला न्हाय. घरात पडला." मग भिजून फुगलेल्या सगळ्या खिडक्या त्यांनी चौकटीसकट काढून टाकल्या. सुतारानं नव्या चौकटी बसवल्या, नव्या जाळीला बिजागऱ्या लावून ती दारासारखी उघडेल अशी केली. राहिली ती कडी. त्या एका कडीपायी त्यांनी लक्ष्मीपुरीची सबंध बाजारपेठ पालथी घातली आणि बरोबर मला घेतलं.

दुकानात जाताना यांच्या हातात बादली असायची. बादलीत नदीचं पाणी, त्यात मूठभर गाळ आणि वरून थोडं गोडेतेल. पहिल्याच दुकानाचे मालक आप्पा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे लोखंडाचे व्यापारी. त्यांनी काउंटरवर कापड पसरून चकाकणारं सामान मांडलं. साडूंनी त्यातला एक बोल्ट उचलला आणि बादलीत सोडला. आप्पांनी चष्मा वर केला. "पावणं, खिडकी भित्तीत बसनार हाय का हिरीत?"

"भित्तीत," साडू म्हणाले. "पर पानी कुठवर येनार त्ये तुमी आनि मी ठरवत न्हाय."

मग परीक्षा सुरू झाली. डोळे मिटायचे, हात बादलीत बुडवायचे आणि त्या तेलकट हातांनी कडी उघडायची. त्यांच्या दणकट हातांना सगळ्याच कड्या उघडायच्या, म्हणून मला पुढं केलं. "पावणं, तुमी अक्का व्हा." मी म्हणजे शिकलेला, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस, भर बाजारात बोटं आखडून, डोळे मिटून अक्का झालो. बघ्यांची गर्दी झाली. सरकत्या खिडकीचं सामान तर त्यांनी हातातही घेतलं नाही. "गाळ बसला की ती सरकायची न्हाय, आपल्यालाच सरकाय लागंल." गोल मुठीचा खटका हातातून निसटला. किल्लीचं कुलूप दाखवल्यावर ते आप्पांवरच उखडले. "गळ्यापातूर पानी आल्यावर किल्ली हुडकत बसू व्हय?" आप्पाही असे तसे नव्हते. त्यांनी गोदामातून एकेक नमुना काढून आणायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी स्वतःच बादलीत बुडवून दिला. दुपारपर्यंत दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं राहायला जागा नव्हती.

शेवटी पितळेची एक जाड कडी पास झाली. साडूंनी ती बसवली आणि अक्काला आणलं. तिनं हात ओले केले, डोळे मिटले, कडीला हात घातला. कडी थोडी हलली आणि थांबली. तिनं पुन्हा जोर लावला. मग डोळे उघडून तिनं हात पदराला पुसले आणि चहाही न घेता मुलाच्या गाडीत जाऊन बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तरी चला तिकडं." साडूंनी मान हलवली, पण ती नाहीची. गाडी गेल्यावर ते बाजाराला म्हणून निघाले, स्कूटर सुरू केली आणि दारातच थांबले. घरात तर कोणीच नव्हतं. बराच वेळ इंजिन नुसतं चालू राहिलं. मग त्यांनी ते बंद केलं आणि आत गेले. मला तेव्हा त्यांची फार दया आली आणि त्या नदीचा खरोखरच राग आला.

चार दिवसांनी मला निरोप आला, लगेच या. गेलो तर माडीवर ठोकाठोक चालू होती. साडू ट्रकच्या बॉड्या बांधतात त्या कारखान्यात जाऊन आले होते. ट्रकच्या मागच्या फाळक्याला जी लांब दांडीची कडी असते, ती त्यांनी आणली होती. दांडी खाली दाबली की कडी सुटते. बोटांचं कामच नाही, कोपर टेकलं तरी पुरे. नव्या कोऱ्या पॉलिश केलेल्या खिडकीवर ते काळं, अवजड धूड दिसायला भयंकर होतं. कौतुकानं बघायला आलेले आप्पा म्हणाले, "ह्ये खिडकीचं सामान न्हवं." साडू म्हणाले, "माजी खिडकी बी खिडकी न्हवं." आणि जाळीवर लाल रंगात, चांगल्या ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहून घेतलं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'.

अक्का आली. या वेळी बादली तिनंच मागितली. कोपरापर्यंत हात बुडवले, डोळे मिटले आणि दांडीवर कोपर टेकलं. जाळी धाडकन बाहेर उघडली. अक्का उघड्या खिडकीतून बाहेर वाकली, गल्लीभर बघून घेतलं, आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, "दूध हाय का घरात?" साडू जिना उतरून दूध आणायला धावले. दारात मात्र थांबले. वर घंटी वाजली, टण टण.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आलं. मी आणि त्यांचा मुलगा आणायला गेलो. साडू उंबऱ्यात खुर्चीवर. "न्हाय जानार. आता माज्याकडं मार्ग हाय. गाडी सोडून ड्रायव्हर पळत न्हाय." मुलगा रडकुंडीला आला. मी हात जोडले. पाणी पायरीला लागलं तरी माणूस हलेना. एवढ्यात वरून घंटी झाली. टण टण. साडूंनी मान वर करून माडीकडे बघितलं. उठले, खुर्ची घडी करून आत ठेवली, चपला हातात घेतल्या. अक्का पिशवी घेऊन जिना उतरली, मुलानं स्कूटर ढकलत बाहेर काढली आणि सगळे सरळ दारातून, घोटाभर पाण्यातून बाहेर पडलो. कोपऱ्यावर त्यांनी मागं वळून त्या लाल अक्षरांकडे बघितलं. मी म्हटलं, "दाजी, एवढी खटपट केली, आनि लागलं न्हाय की." तर म्हणाले, "सर्व्हिसमधी बी कदी लागलं न्हाय. पर उघडून बघितल्याबिगर गाडी बी काढली न्हाय."

पाणी उतरेपर्यंत दोघं आमच्याकडेच होती. निघायच्या दिवशी साडू पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले ते हलेचनात. काही विसरलंय का, मी विचारलं. आतून अक्कानं पळीनं ताटावर दोनदा वाजवलं, तेव्हा ते जिना उतरू लागले.

ते गेल्यावर घर एकदम सुनं वाटायला लागलं. मी आमच्या सरकत्या खिडकीपाशी गेलो आणि बायकोला म्हटलं, "जरा तुला उघडते का बघ." ती हसली. मग तिनं ओढली. पुन्हा ओढली. मग हसायची थांबली. शेवटी दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा वीतभर उघडली. खाली साडूंची स्कूटर नदीच्या दिशेनं वळत होती, आणि मागं बसलेल्या अक्कानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.